गाण्यातली सायकल : तोल, पायडल आणि श्रद्धा

एखाद्या गाण्यात "थांबलास तर पडशील" एवढीच ओळ येते आणि तिच्यामागे सायकलची घंटी वाजते, तेव्हा ऐकणाऱ्याला तिचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. ओळ सायकलची आहे, पण बोलणे जगण्याविषयी चालले आहे, हे त्याला त्या क्षणी उमगते. हे उमगणे कसे घडते, दोन चाकांचे एवढे साधे यंत्र जगण्याचा आणि श्रद्धेचा भार कसे पेलते, आणि या विषयावरचे एक गाणे काळजाला भिडते तर दुसरे सुविचाराच्या पाटीसारखे का वाटते, हे सावकाश समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात रूपकापासून करावी लागेल. "जीवन सायकलसारखे आहे" ही उपमा झाली आणि "जीवन ही सायकल आहे" हे रूपक झाले. ज्याच्याविषयी बोलायचे ते उपमेय, आणि ज्याच्या आधाराने बोलायचे ते उपमान. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये रूपकाच्या या दोन भागांना नावे देताना उपमानासाठी जो शब्द वापरला, त्याचा सरळ अर्थ 'वाहन' असा होतो, कारण उपमान अर्थाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेते. सायकलच्या बाबतीत हे नाव अक्षरशः खरे ठरते. पुढे १९८० मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी असे मांडले की रूपकाला कवितेचा दागिना समजणे अपुरे आहे. माणूस रोजचा विचारही रूपकांतूनच करतो, आणि जीवन म्हणजे प्रवास हे त्यांतले फार खोल रुजलेले रूपक आहे. मराठीत याचा पुरावा प्रत्येक वाक्यात सापडतो. आपण आयुष्यातले चढउतार पाहतो, निर्णयाच्या वळणावर येतो, रागात तोल जाऊ देतो, संसाराचा गाडा ओढतो आणि चाकोरीत अडकतो. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी वाटेवर पाडलेला खोल चर, हे बोलताना आपल्या ध्यानातही नसते. सायकलचे गाणे ऐकताना अर्थ पटकन कळतो तो यामुळे; रस्ता आपल्या भाषेत आधीच तयार असतो, गीतकार त्यावर फक्त एक नवे वाहन आणतो.

वाहन बदलले की श्रद्धेचा अर्थही थोडा बदलतो, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ आहे, आत्मा त्या रथाचा स्वामी आहे, बुद्धी सारथी आहे, मन हा लगाम आहे आणि इंद्रिये हे घोडे आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनेही आत्म्याचे वर्णन करताना दोन वेगळ्या स्वभावांचे घोडे हाकणारा सारथी उभा केला. दोन्हीकडे खरा प्रश्न ताब्याचा आहे, घोडे उधळू नयेत याचा आहे. भक्तिगीतातली नाव निराळी असते. तिच्यात माणूस प्रवासी म्हणून बसतो, वल्हे देवाच्या हातात असते, आणि श्रद्धा म्हणजे त्या नावाड्यावर सारे सोपवणे. आगगाडी आली तेव्हा गाण्यांना रूळ मिळाले, म्हणजे आधीच आखलेली वाट आणि ठरलेले शेवटचे स्थानक मिळाले.

सायकल यांच्या मानाने अगदी अलीकडची. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम येथे जी दुचाकी चालवली तिला पायडल नव्हते. तिच्यावर बसून जमिनीला पाय मारत पुढे जायचे होते. जॉन केम्प स्टार्ली यांची, जवळजवळ सारख्या आकाराच्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल १८८५ ची आहे, आणि जॉन बॉइड डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा. या यंत्रात घोडा नाही, सारथी नाही आणि नावाडीही नाही; ओढणारा, हाकणारा आणि बसणारा एकच आहे. शिवाय नाव किनाऱ्याला बांधून ठेवता येते, रथाचे घोडे सोडले म्हणून रथ कुशीवर पडत नाही, पण सायकल सोडून दिली की ती आडवी होते. म्हणून सायकलच्या गाण्यात श्रद्धेला ताबा किंवा निव्वळ शरणागती यांपैकी कोणताही एक अर्थ पुरत नाही. तिथे श्रद्धा ही करत राहण्याची गोष्ट होते.

१८९० च्या दशकात युरोप आणि अमेरिकेत सायकलची मोठी लाट आली आणि तिच्याबरोबर गाणीही आली. हॅरी डेकर यांच्या १८९२ च्या 'डेझी बेल' या गाण्यातला प्रियकर थाटाची घोडागाडी परवडत नसल्याचे कबूल करतो आणि प्रेयसीला दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवरची जागा देऊ करतो. त्याच काळात काही धर्मोपदेशकांची तक्रार होती की रविवारी लोक प्रार्थनेला येण्याऐवजी सायकल घेऊन बाहेर पडतात. ज्या यंत्राने प्रार्थनास्थळे ओस पडतील अशी भीती होती, त्यातच एका श्रद्धाळू स्त्रीला श्रद्धेला पूरक असे काही दिसले. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सेस विलार्ड वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या, आपल्या सायकलला त्यांनी ग्लॅडिस असे नाव दिले, आणि १८९५ मध्ये त्या शिकण्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. सायकल वश करताना आपल्याला जगण्याचे अख्खे तत्त्वज्ञान सापडले, असे त्या त्यात मनापासून सांगतात.

या तत्त्वज्ञानाचा गाभा तोलात आहे, आणि तोलाविषयीची आपली समजूत बहुधा अर्धवट असते. तोल म्हणजे न डगमगणे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चालती सायकल सतत पडत असते. ती उजवीकडे कलली की चालवणारा हँडल किंचित उजवीकडेच, म्हणजे पडण्याच्या दिशेला वळवतो; त्यामुळे चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. मग ती डावीकडे कलते आणि तेच पुन्हा घडते, इतक्या बारीक प्रमाणात की चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पाण्याच्या डबक्यातून पुढे गेलेल्या सायकलचा ओला माग एकदा वाकून पाहावा. अगदी सरळ गेलेल्या माणसाच्या मागेही चाकांची रेघ नागमोडी उमटलेली असते, आणि पुढच्या चाकाची रेघ मागच्या चाकाच्या रेघेला पुन्हा पुन्हा छेदून जाते. शिकाऊ माणूस नेमके उलटे करतो. उजवीकडे पडतो आहोत असे वाटले की तो घाबरून हँडल डावीकडे ओढतो आणि आपटतो. वळणाचेही असेच आहे. डावीकडे वळायचे असेल तर सरावलेला हात हँडलला आधी नकळत जरासा उजवीकडे हिसका देतो, त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मगच वळण साधते.

चालती सायकल स्वतःहून तोल का सावरते, याचे एका वाक्यातले उत्तर विज्ञानाकडेही नाही. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षाच्या किंचित मागे टेकण्याची रचना, या दोन गोष्टींना बरीच वर्षे श्रेय दिले जात होते. २०११ मध्ये अभियंत्यांच्या एका गटाने हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली, माणूस न बसवता ती ढकलून दिली, आणि तीही स्वतःचा तोल सावरत पुढे गेली. म्हणजे कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. मला यात गीतकारासाठी मोठा दिलासा वाटतो, कारण सायकलवर बसलेल्या कोणालाही तोलाचे सूत्र माहीत नसते, तरी तो रोज त्या सूत्रावर आपले शरीर सोपवतो.

श्रद्धेच्या गाण्यात हे तपशील आले की गाणे खरे होते. ज्या गाण्यातली श्रद्धा कधी डगमगतच नाही, ते गाणे सायकलवर न बसलेल्या माणसाचे वाटते. शंका म्हणजे एका बाजूला कलणे, आणि सावरायचे ते कललेल्या दिशेलाच हँडल वळवून, म्हणजे शंकेपासून तोंड फिरवण्याऐवजी तिच्याकडे जाऊन. हे सारे स्पष्टीकरण गाण्यात घालायचे नसते. तिथे चित्र पुरते. उदाहरणादाखल अशा दोन ओळी लिहून पाहता येतील :

सरळ आलो म्हणतोस, मागे वळून पाहा,
ओल्या वाटेवर तुझी रेघ नागमोडी आहे.

या ओळींत श्रद्धा हा शब्द नाही, देव नाही आणि उपदेशही नाही. तरी ऐकणारा आपल्या आयुष्याची रेघ पाहू लागतो.

मराठीत विश्वास 'ठेवला' जातो तसा तो 'टाकला'ही जातो, आणि 'टाकणे' हे क्रियापद सायकलला फार जवळचे आहे. पायडलवर भार टाकल्याशिवाय सायकल हलत नाही आणि भार अर्धवट टाकला तर ती डुगडुगते. सायकल शिकण्याचा प्रसंग इतक्या गाण्यांत येतो तो म्हणूनच. कोणीतरी मागून कॅरिअर धरून धावत असते. चपलांचा फटफट आवाज येत असतो, "पुढे बघ, पुढे बघ" चालू असते, धाप लागलेली ऐकू येते. मग तो आवाज हळूहळू मागे पडतो, आणि तो मागे पडला आहे हे चालवणाऱ्याला बरेच पुढे गेल्यावर कळते. त्या क्षणी दोन गोष्टी एकदम घडतात : आधार सुटल्याची भीती वाटते, आणि आधार नसताना आपण इतके अंतर आलो याचा पुरावाही हाती येतो.

हात कधी सुटला ते कळलेच नाही,
तुझा आवाज लांबून आला, तेव्हा चाके चालली होती.

या ओळींतला 'तू' कोण आहे? आई असेल, शिक्षक असेल, हयात नसलेले माणूस असेल किंवा देव असेल. आईला आणि देवाला आपण एकाच सर्वनामाने हाक मारतो, हे मराठी गीतकाराला मिळालेले वरदानच म्हणायला हवे. नाव न घेता 'तू' म्हटले की गाणे घरातलेही राहते आणि प्रार्थनाही होते. श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले तर इथे एक अवघड प्रश्न अगदी सोप्या चित्रात येतो. देव जवळ जाणवत नाही, याचा अर्थ त्याने सोडून दिले असा घ्यायचा, की चालवता येते आहे हे पाहून त्याने हात काढला असा घ्यायचा? चांगले गाणे हा प्रश्न सोडवत नाही. ते फक्त लांबून येणारा आवाज ऐकवते.

सायकल आणि जीवन यांची सांगड घालणारे सर्वांत प्रसिद्ध वाक्य गाण्यातले नाही, पत्रातले आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ५ फेब्रुवारी १९३० रोजी आपला धाकटा मुलगा एदुआर्द याला लिहिलेल्या पत्रात, माणसांचे सायकलसारखेच असते, चालत असतानाच आरामात तोल राखता येतो, अशा अर्थाचे वाक्य आहे. फिरत फिरत त्याचे "तोल राखायचा तर चालत राहिलेच पाहिजे" असे झाले, आणि मूळ वाक्यातला 'आरामात' हा शब्द गळाला. हा शब्द गळायला नको होता. चालताना तोल सोपा जातो हे निरीक्षण आहे. चालत राहिलेच पाहिजे ही आज्ञा आहे. पत्र मिळाले तेव्हा एदुआर्द १९ वर्षांचा होता, आणि त्याच सुमारास त्याला गंभीर मानसिक आजाराने गाठले. दमलेल्या किंवा आजारी माणसाला "थांबलास तर पडशील" म्हणणारे गाणे क्रूर होऊ शकते, याची जाणीव गीतकाराने ठेवावी असे मला कळकळीने वाटते. सायकलस्वार थांबतो तेव्हा तो पडत नाही. तो एक पाय जमिनीवर टेकवतो. टेकवलेल्या पायाची गाणी फार कमी लिहिली गेली आहेत आणि त्यांची गरज मोठी आहे.

गीतकारांनी जिचा पुरता उपयोग करून घ्यावा अशी आणखी एक वस्तू म्हणजे टायरला घासून चालणारा डायनॅमो. सुमारे ३ वॅटचे हे छोटे यंत्र चाकाच्या फिरण्यातून दिव्याला वीज पुरवते. वेग मंदावला की प्रकाश पिवळा होत जातो आणि सायकल उभी राहिली की साधा डायनॅमोचा दिवा विझतो. शिवाय डायनॅमो टायरला लावला की पायडल जड होते, म्हणजे उजेडाची किंमत पायांनाच मोजावी लागते. आधी सारे स्पष्ट दिसू दे, मग मी निघेन, असे म्हणणाऱ्या मनाला हे यंत्र एका चित्रात उत्तर देते.

दिवा पेटेल म्हणून थांबलो, अंधार तसाच राहिला;
पायडल मारले, तेव्हा चार हात वाट दिसली.

'चार हात' हे मोजमाप इथे महत्त्वाचे आहे. सगळा रस्ता उजळला असे लिहिले असते तर ओळ खोटी झाली असती, कारण त्या दिव्यात कधीच सगळा रस्ता दिसत नाही.

आता गाण्याच्या घडणीकडे येऊ, कारण सायकल शब्दांत येते तशी गाण्याच्या रचनेतही येते. पायडलच्या एका फेऱ्यात डावा आणि उजवा असे दोन दाब असतात, आणि सवयीचा सायकलस्वार मिनिटाला साधारण ६० ते ९० फेरे मारतो. दोन-दोनच्या ठेक्यातले गाणे या हालचालीला आपोआप जुळते. ध्रुवपदाचा संबंध याहून खोल आहे. चाकाच्या कडेवर खडूने एक ठिपका केला आणि सायकल चालवली, तर तो ठिपका वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. पण दर वेळी तो जमिनीला नव्या जागी टेकतो. टेकण्याच्या त्या क्षणी ठिपका जमिनीच्या मानाने स्थिर असतो, आणि अगदी वर असताना त्याचा वेग सायकलच्या वेगाच्या दुप्पट असतो. ध्रुवपदही असेच फिरून येते. शब्द तेच असतात, पण मधल्या कडव्याने आपल्याला पुढे आणलेले असते, त्यामुळे तेच शब्द नव्या जमिनीवर टेकतात. पहिल्या वेळी "हात सोडू नको" ही लहान मुलाची विनवणी असेल, तर शेवटच्या वेळी तीच ओळ म्हाताऱ्या बापाच्या उशाशी बसलेल्या मुलाची असू शकते. रोजच्या प्रार्थनेचे, जपाचे किंवा एकाच स्तोत्राच्या आवर्तनाचेही असेच असते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त फिरणे दिसते.

त्या ठिपक्याच्या वरखाली होण्याकडे पाहताना चाकाच्या मध्यभागी असलेल्या आसाकडेही पाहावे. कडेवरचा प्रत्येक बिंदू वर जातो आणि खाली येतो, पण सपाट रस्त्यावर आस जमिनीपासून एकाच उंचीवरून सरळ रेषेत पुढे जातो. चाकाचा आस आणि मनातली आस हे मराठीतले दोन वेगळे शब्द आहेत, एक पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी, पण कानाला ते एकच वाटतात. सुखदुःखाच्या फेऱ्यात ज्याच्याभोवती सारे फिरते तो आस, आणि जिच्यामुळे पाय चालतात ती आस, असा श्लेष मराठी गाण्यात सहज साधता येईल. दुसऱ्या भाषेत तो साधणार नाही.

आस आणि कडा यांना जोडणाऱ्या तारांचे वर्तन आणखी शिकवणारे आहे. अनेक सायकलींच्या चाकात ३२ किंवा ३६ तारा असतात आणि एकेकटी तार इतकी बारीक असते की हाताने दाबली तरी वाकते. चाक उभे राहते ते या तारा ताणलेल्या असल्यामुळे. प्रत्येक तार कडेला आपल्याकडे ओढत असते आणि समोरची तार उलट ओढत असते. चाकाला आऊट आला, म्हणजे ते फिरताना एका बाजूला झुकू लागले, की कारागीर सायकल उलटी करून चाक फिरवतो, कडेजवळ अंगठा धरतो, कुठे घासते ते पाहतो, आणि तिथल्या एका बाजूच्या तारेला चावीने पाव फेरा ताण देऊन दुसऱ्या बाजूची जराशी सैल करतो. मग पुन्हा फिरवतो, पुन्हा पाहतो. एकाच मनात किंवा एकाच समूहात परस्परविरुद्ध ओढ असणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्याने हे काम एकदा जवळून पाहावे.

एकामागे एक बसून दोघांनी चालवायच्या सायकलविषयी थोडेच सांगतो. मागे बसणाऱ्याला बहुधा समोरच्याची पाठ दिसते. हँडल मागच्याच्याही हातात असते, पण ते वळत नाही, आणि तरी त्याला पायडल मारावेच लागते. पुढे देव आणि मागे भक्त अशी मांडणी केली, तर शरणागती आणि श्रम एकाच आसनावर येतात. नावेच्या रूपकात हे शक्य नव्हते.

गाणे फसते ते बहुधा एकाच कारणाने. गीतकार सायकलच्या प्रत्येक भागाला एकेक अर्थ चिकटवत जातो : ब्रेक म्हणजे संयम, घंटी म्हणजे सद्विचार, टायरमधली हवा म्हणजे उत्साह, पंक्चर म्हणजे संकट. असा तक्ता पूर्ण झाला की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही, आणि सायकलही उरत नाही, नुसती भागांची यादी उरते. एकच भाग निवडावा, तो प्रत्यक्षात कसा चालतो हे नीट जाणून घ्यावे आणि त्याच्याशी प्रामाणिक राहावे. भाग जितका खरा, तितका अर्थ दूरवर पोचतो.

असा एक भाग म्हणजे मागच्या चाकातले फ्रीव्हील. आत दातांचे एक कडे असते आणि त्यावर घसरणारे छोटे खटके असतात. पायडल मारताना खटके दातांत अडकून चाकाला पुढे नेतात आणि पाय थांबले की ते दातांवरून टिकटिकत सरकतात. चढावर हा आवाज कधीच येत नाही, तिथे फक्त चेनची करकर आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. माथा ओलांडला, पाय थांबले आणि चाके आपल्याआप धावू लागली की ती टिकटिक सुरू होते. कृपेवर गाणे लिहू पाहणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी : सायकल तीच असते, माणूस तोच असतो, कष्ट थांबलेले असतात, वेग वाढतच असतो, आणि मागून एक बारीक, एकसारखा आवाज सोबत येत असतो.